बुद्धिबळ आणि बुद्ध्यंक : एक लादलेली सोयरीक

आमच्या येथील महाराष्ट्र मंडळाने यंदा मुलांसाठी बुद्धिबळाचा वर्ग काढण्याचे ठरविले. नोकरीच्या निमित्ताने परप्रांती विखुरलेल्या कुटुंबांतील मुलांनी आठवड्यातून एकदा एकत्र यावे, चार शब्द आपल्या भाषेत बोलावेत, एवढ्या हेतूनेही हा उपक्रम स्वागतार्ह ठरला असता. परंतु कार्यकारिणीतील काही सुविद्य सभासदांनी त्याला एक अट जोडली आहे : प्रथम प्रत्येक मुलाच्या शाळेकडून त्याचा बुद्ध्यंक मागवावा आणि तो ११५ च्या वर भरेल त्यालाच वर्गात घ्यावे. जागा थोड्या, शिक्षकाचा वेळ मोलाचा, आणि हा खेळच मुळी बुद्धीचा, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे.

या युक्तिवादाचे मूळ शास्त्रात नसून आपल्या भाषेत असावे, अशी आम्हांस शंका आहे. आमचे हिंदीभाषी शेजारी याला शतरंज म्हणतात, तमिळ सहकारी चतुरंगम म्हणतात. दोन्ही शब्द चतुरंग सेनेचे वंशज. आपण मात्र खेळाच्या नावातच बुद्धी घालून ठेवली आणि पुढे त्या नावालाच पुरावा मानू लागलो. नाव सोनूबाई असले म्हणजे हातात सोन्याच्याच पाटल्या असतात काय?

बुद्धिमापनाचा जनक म्हणून ज्याचा उल्लेख होतो त्या आल्फ्रेद बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने, चाचण्या तयार करण्यापूर्वी कितीतरी वर्षे, बुद्धिबळपटूंचाच अभ्यास केला होता. पटाकडे न पाहता खेळणाऱ्या उस्तादांविषयीचा त्याचा ग्रंथ १८९४ सालचा. या खेळाडूंच्या मनात पटाचे हुबेहूब चित्र उमटत असेल, अशी त्याची प्रथम समजूत होती. आढळले ते निराळेच. निष्णात खेळाडूला घोड्याचा आकार वा घरांचे रंग दिसत नव्हते. कोणती सोंगटी कोणावर दाब धरून आहे आणि धोका कोठून आहे, हे संबंध दिसत होते, आणि ते दिसत होते ज्ञानाच्या व अनुभवाच्या जोरावर. पुढे १९०५ साली थिओडोर सिमाँच्या साहाय्याने त्याने पहिली बुद्धिमापन श्रेणी रचली. अभ्यासात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना विशेष शिक्षण हवे, हे ओळखण्यासाठी ती होती. मुलाची बुद्धी म्हणजे कायमची ठरलेली रक्कम, या कल्पनेचा बिनेने स्वतःच १९०९ साली कडक निषेध केला. आमच्या कार्यकारिणीने त्याची श्रेणी तेवढी उचललेली दिसते.

यानंतरचा पुरावा काय सांगतो? १९२५ च्या मॉस्को स्पर्धेत (तीत बोगोल्युबोव्हने लास्कर आणि कापाब्लांका या दोघांनाही मागे टाकले) तेथील मानसशास्त्रज्ञांनी उस्तादांची तपासणी केली. खेळाशी निगडित असलेली कामे वगळता सामान्य माणसांहून वेगळे असे फारसे काही त्यांच्या हाती लागले नाही. १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन यांनी एक साधा प्रयोग केला. खऱ्या डावातील स्थिती केवळ पाच सेकंद दाखविली, तरी उस्ताद ती बव्हंशी पुन्हा मांडून दाखवी. नवशिक्याला चार-पाच सोंगट्याच आठवत. त्याच सोंगट्या पटावर कशाही विखुरल्या, तेव्हा मात्र उस्तादाची मातब्बरी जवळजवळ लोपली. म्हणजे त्याच्यापाशी इतरांहून विशाल अशी स्मरणशक्ती नव्हती. हजारो डावांतून साठलेली, ओळखीच्या रचनांची शिदोरी होती. कास्पारॉव्हचा बुद्ध्यंक १९० असल्याच्या वदंता जगभर फिरल्या. १९८७ साली ‘देर श्पीगेल’ या जर्मन साप्ताहिकाने त्याची तपासणी करविली तेव्हा तो १३५ भरला. हा आकडा उत्तमच आहे, पण आमच्या सचिवालयात तेवढ्या बुद्ध्यंकाचे अधिकारी सहज सापडतील, आणि त्यांपैकी कित्येकांना किल्लेकोट केव्हा करावा हेही ठाऊक नसेल.

प्रतिपक्षास न्याय देणे प्राप्त आहे. दोहोंत काहीच संबंध नाही, असे आम्ही म्हणत नाही. २०१६ साली बर्गॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनांचे एकत्रित गणित मांडले, त्यात तर्कशक्ती आणि खेळातील कौशल्य यांचा सहसंबंध सुमारे ०.२४ निघाला. हिशेबखात्यातील वाचकांनी या आकड्याचा वर्ग करून पाहावा : खेळाडूखेळाडूंमधील तफावतीपैकी शेकडा सहा भागाचाही त्यातून उलगडा होत नाही. उरलेल्या चौऱ्याण्णव भागांची चौकशी कार्यकारिणीने कोठे केली? शिवाय हा संबंध नवोदितांत व लहान मुलांत अधिक आणि मुरलेल्या खेळाडूंत कमी आढळतो. वरच्या पायरीवर सगळेच हुशार, म्हणून तेथे फरक दिसत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो आणि त्यात तथ्यही आहे. परंतु २००७ साली ५७ शाळकरी खेळाडूंचा जो अभ्यास झाला, त्यातील निवडक २३ मुलांत अधिक बुद्ध्यंकाची मुले उलट किंचित मागेच होती, कारण ती सराव कमी करीत. अशा स्थितीत अगदी पहिल्याच दिवशी, सरावाला अवसर मिळण्यापूर्वी, मुलांना गाळणीतून काढणे म्हणजे जो फरक पुढे ओसरावयाचा त्यालाच अंतिम निर्णय मानणे होय.

पंजाबातील मीर सुलतान खान देशी पद्धतीने खेळत वाढला. त्या पद्धतीत प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे नाहीत, आपल्या परिचयाचा किल्लेकोटही नाही. पाश्चात्त्य नियम त्याने विशीनंतर शिकले. एका नबाबाच्या परिवारातून तो १९२९ साली इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन मोकळा झाला. १९३२ व १९३३ साली पुन्हा घेतले. मधल्या काळात हेस्टिंग्जला त्याने कापाब्लांकाला हरविले. जागतिक संघटनेने त्याला ग्रँडमास्टर हा सन्मान दिला तो २०२४ साली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. त्याच्या तरुणपणी कोणी त्याच्यापुढे इंग्रजीतील कागदी चाचणी ठेवली असती, तर तिने काय सांगितले असते?

भाषेचा हा मुद्दा आपल्यासारख्या बदलीच्या नोकरदारांनी तरी विसरू नये. आमच्या एका सहकाऱ्यांची नऊ वर्षांची कन्या गेल्या जूनमध्ये रत्नागिरीची मराठी शाळा सोडून येथे आली. ऑगस्टमध्ये नव्या शाळेने हिंदी-इंग्रजीतून चाचणी घेतली, बुद्ध्यंक ९८. ज्या मुलीला प्रश्नच नीट कळले नसतील तिच्या उत्तरांवरून हा आकडा निघाला. आजोबांकडून ती खेळ शिकली आहे. आम्ही स्वतः तिच्याशी तीन डाव खेळलो आणि दोन हरलो. (आमचा खेळ सामान्य आहे, पण तिसरा डावही आम्ही तिने वजीर उगाच पुढे आणला म्हणूनच जिंकला.) तो आकडा हाती पडल्यापासून तिच्या वडिलांनी संध्याकाळचे डाव बंद केले आहेत : आधी भाषा आणि गणित सुधारावे, हा खेळ तिच्यासाठी नाही! कागदावर आकडा दिसला की त्याखाली सही करण्याची सवय आम्हां कार्यालयीन माणसांच्या हाडीमाशी खिळली आहे, आणि आता ती पोरांच्या मुळावर येत आहे.

बुद्धिबळ खेळल्याने शाळेतील गुण वाढतात, ही उलट बाजूची आशाही कोणी बाळगू नये. इंग्लंडात सुमारे शंभर प्राथमिक शाळांत हे तपासले गेले. वर्षभरानंतर गणितात काही फरक आढळला नाही, असा २०१६ चा अहवाल आहे. मुलांनी खेळावे ते खेळात गोडी आहे म्हणून.

मंडळाची सभा पुढील महिन्यात आहे. तीत आम्ही मांडणार असलेली सूचना साधी आहे. मंडळाच्या कपाटात सहा पट आहेत. येईल त्याला बसू द्यावे, मुले अधिक झाली तर पाळ्या लावाव्यात, आणि शाळेचा कोणताही कागद मागू नये. वर्षअखेर कोण पुढे गेले ते पटच सांगेल. त्या मुलीच्या वडिलांना मात्र आम्ही सभेची वाट न पाहता पत्र लिहिले आहे की, माळ्यावर ठेवलेला पट खाली काढावा. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.