करून पाहा : पिसाची माशी

दोस्तांनो, दिवाळी सरली की मुरबाडच्या काळू नदीचं पाणी निवळतं. संध्याकाळी एखाद्या डोहाकाठी गुपचूप बसा. पाऊस नसतानाही पाण्यावर थेंब पडल्यासारखी वर्तुळं उमटतील. ही कशाची बरं? पाण्यावर पडलेला किडा गट्टम करायला मासे वर येतात, त्यांची!

गांडूळ लावलेला गळ तळाशी जातो. या वरच्या माशांना हवी तरंगणारी माशी. थंड पाण्यातल्या ट्राउट माशासाठी इंग्लंडमध्ये अशा माश्या पिसांपासून बनवत. हॅलफर्ड नावाच्या गृहस्थांनी १८८६ मध्ये त्यावर चक्क पुस्तक लिहिलं! ट्राउट आपल्या नद्यांत नाही, तो काश्मीर-हिमाचलच्या गार ओढ्यांतला. पण किड्यावर झडप घालायची सवय आपल्याकडच्या छोट्या चंदेरी माशांनाही आहेच की.

साहित्य : कडी असलेला अगदी बारीक गळ, शिवणाचा दोरा, लोकरीचा धागा, गावठी कोंबड्याच्या मानेचं गळून पडलेलं पीस, मेणबत्ती, नेलपॉलिश आणि कपडे वाळत घालायचा चिमटा.

कृती : आधी मोठ्या माणसाकडून पकडीने गळाचा उलटा काटा दाबून सपाट करून घ्या. गळाचा वाकलेला भाग चिमट्यात धरा. दोऱ्यावर मेण घासा आणि कडीपासून मागे घट्ट वेढे द्या. पिसाचे चार-पाच तंतू मागे शेपटीसारखे बांधा. लोकर गुंडाळून पोट करा, पण बारीकच हं! आता पिसाच्या बुडाची मऊ लव काढून टाका, पीस कडीच्या मागे बांधा आणि त्याचे तीन-चार वेढे द्या. तंतू चहूबाजूंनी ताठ उभे राहतील. शेवटी दोऱ्याच्या दोन-तीन गाठी मारा, वर नेलपॉलिशचा ठिपका. झाली माशी!

लोखंडाचा गळ तरंगतो कसा? परातीतल्या पाण्यावर सुई अलगद आडवी ठेवून बघा, तीही तरंगते. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. पिसाचे ताठ तंतू माशीचा भार त्या पडद्यावर पसरवतात. पीस भिजून चिंब झालं की माशी बुडते. मग ती फडक्यात दाबून कोरडी करायची.

आता बांबूची हलकी काठी घ्या. टोकाला काठीएवढीच लांब, बारीक नायलॉनची दोरी बांधा. जपानच्या डोंगरातले लोकही अशाच साध्या काठीने पिसाची माशी टाकतात, त्याला ‘तेनकारा’ म्हणतात. माशी वर्तुळाच्या जरा वरच्या अंगाला टाका आणि प्रवाहाबरोबर वाहू द्या. ओढू नका! खरा किडा कधी धारेविरुद्ध पळतो का? मासा उसळला की मनगट हळूच उचला. मासा हाती आला तर हात ओले करून धरा, गळ काढा आणि त्याला पाण्यात सोडा. काटा दाबलेला असल्याने गळ पटकन सुटतो.

आणि हो, पहिल्या पावसात हा खेळ बंद! तेव्हा शहापूर-मुरबाडकडे वलगण चढते. पोटात अंडी घेतलेले मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरांत येतात. एकेका मादीच्या पोटात शेकडो, हजारो अंडी असतात. ती वाटेतच पिशवीत गेली, तर दिवाळीनंतर डोहावर वर्तुळं उमटणार कुठून? नदीकाठच्या कितीतरी कातकरी आणि ठाकूर घरांचं कालवण याच माशांवर चालतं. आपला खेळ, पण त्यांचं जेवण आहे ते.

आईबाबांसाठी : मुलांना नदीवर एकटं पाठवू नका. भातसासारख्या धरणाखाली पाणी अचानक वाढू शकतं. जलाशयावर मासेमारीचा ठेका असतो, तिथे आधी विचारा. माशी टाकताना मागे कोणी उभं नाही ना, ते बघा.

गळ नसला तरी चालेल. नुसत्या टाचणीवर माशी बांधा, परातीत सोडा आणि ती किती मिनिटं तरंगते ते मोजा. पीस बदलून बघा. कोंबड्याचं जास्त तरंगतं की कबुतराचं? वहीत लिहून ठेवा!