गाडी कुठवर न्यावी?

दिवाळीच्या सुटीत कोठे जायचे याची खलबते घरोघरी सुरू झाली की, एक प्रश्न हमखास कानांवर येतो. ठिकाणाचे नाव अजून पुरते उच्चारलेलेही नसते, तोच कोणीतरी विचारतो, ‘गाडी अगदी वरपर्यंत जाते ना?’ जात असेल तर ठिकाण चांगले. जात नसेल तर ‘मग बघू पुढच्या वर्षी!’ एखाद्या डोंगराची योग्यता आपण आजकाल त्याच्या उंचीवरून किंवा त्याच्यावरच्या झाडांवरून ठरवीत नाही. माथ्यावर गाड्या उभ्या करायला जागा किती, यावरून ठरवतो. कोणत्याही डोंगराच्या विकासाची योजना उघडून पाहा. तिचे पहिले कलम रस्त्याचे आणि दुसरे वाहनतळाचे असणार.

या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणारे एक गाव आपल्या उंबरठ्यावरच आहे. मुंबईहून आगगाडीने दोन-अडीच तासांत नेरळ गाठावे, तेथून घाटाने चढावे आणि दस्तुरी नाक्याला उतरावे. गाडी कोणाचीही असो, मंत्र्याची असो की मारवाड्याची, ती येथे थांबते. पुढे बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर तांबडी वाट. रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब यांना तेवढी मुभा. हे माथेरान.

१८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा चौकला मुक्कामाला असताना सहज म्हणून हा डोंगर चढला, त्याला तो आवडला, आणि साहेबाला आवडले म्हणजे लवकरच बंगले उठणार, हे ओघाने आलेच. त्याच्या आधी ठाकूर, कातकरी, धनगर या रानात वावरत होतेच. पण ‘शोध’ लावण्याचा मान त्यांना कोण देणार! पुढे १९०७ साली पीरभॉय पितापुत्रांनी आपल्या पैशाने नेरळहून छोटी आगगाडी वर आणली. मोटारीला मात्र माथ्यावर वाट मिळाली नाही. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटर मुलूख ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र’ म्हणून जाहीर केला, तेव्हा जुनी रीत कायद्याने पक्की झाली.

मी विद्यार्थ्यांची सहल घेऊन तेथे अनेकदा गेलो आहे. विद्यार्थी पॉइंट मोजतात. ‘सर, आमचे अकरा झाले!’ मी आपला खाली बघत चालतो. माथेरान समजून घ्यायचे असेल तर दरीकडे नंतर पाहावे, आधी पायांखाली पाहावे, असे माझे मत आहे. हा माथा जांभ्या दगडाचा. त्याच्यावर तांबड्या मातीचा पातळ थर आणि त्या थराला धरून जांभूळ, हिरडा, अंजनी यांचे दाट रान. उन्हाळाभर हजारो पाय आणि घोड्यांच्या टापा ही माती कुटून तिचे पीठ करतात, आणि जूनमध्ये पाऊस कोसळला की ते पीठ लाल ओहोळांतून दरीत जाते. थोडे शार्लट तळ्यात जाऊन बसते, ज्या तळ्याचे पाणी गाव पिते. वाटेच्या कडेची झाडे नीट पाहा. मुळे हातभर उघडी पडलेली, म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखी. असे झाड एखाद्या वादळात आडवे होते. त्याची सावली जाते, मग खालची माती आणखी सुकते, आणि पुढच्या पावसात तीही जाते. एका पावसाळ्यात गेलेली माती परत यायला किती पिढ्या लागतात, हे भूगोलाच्या प्राध्यापकांना विचारावे.

यावर उपाय म्हणून वाटांवर फरशीचे ठोकळे बसवण्याचे निघाले. माती राहते हे खरे; पण पाणी मुरत नाही, ते कडांनी जोरात धावते आणि ठोकळे संपतात तेथे घळ पाडते. घोडेवाले म्हणतात, घोडे घसरतात. रिक्षावाले म्हणतात, चिखलात आम्ही घसरतो त्याचे काय? दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच हा वाद इतकी वर्षे चालला.

आता या चित्राची दुसरी बाजू. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या आत्या माथेरानला आल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. लहानपणी वडिलांचे बोट धरून त्या येथे चालत चढल्या होत्या आणि पुन्हा एकदा सूर्यास्त पाहायचा होता. घोड्यावर बसणे शक्य नव्हते. म्हणून हातरिक्षा केली. एक माणूस पुढे दांड्यांत, दोघे मागून रेटायला. चढ आला की पुढच्याच्या मानेवरची शीर ताठ होई. शंभर पावलेही गेली नसतील, तोच आत्यांनी रिक्षा थांबवली आणि खाली उतरल्या.

“अहो आजी, बसा ना, आमचे रोजचेच आहे हे,” रिक्षावाला म्हणाला.

“तुझे रोजचे असेल रे बाबा,” आत्या म्हणाल्या, “पण माणसांच्या जिवावर एकदाच जायचे असते, आणि त्याला अजून अवकाश आहे.”

रिक्षावाल्याला हसू आले, पण त्याचा चेहरा थोडा उतरलाही. कारण त्याची मजुरी त्या चढावर अवलंबून होती. आत्यांनी ठरलेले पैसे पूर्ण दिले, रिकाम्या रिक्षेबरोबर काठी टेकत हळूहळू बाजारापर्यंत आल्या, आणि सूर्यास्त हॉटेलच्या ओसरीवरून झाडांच्या फटीतून जेवढा दिसला तेवढा पाहिला.

माथेरानची हवा शुद्ध राहिली, शेकरू अजून फांद्यांवरून उड्या मारते, रात्री कर्णा ऐकू येत नाही, या सगळ्याचे कौतुक आपण मुंबई-पुण्याची मंडळी करतो. त्याची किंमत कोण देत होते? परवाना असलेले ९४ हातरिक्षावाले, डोक्यावरून सिलिंडर आणि सामान वाहणारे हमाल, दूरवरून पायी शाळेला जाणारी मुले, आणि अवघडलेल्या बायका. डोंगर राखण्याचे पुण्य आपल्या खाती आणि ओझे त्यांच्या खांद्यावर, अशी ही विभागणी होती.

रिक्षावाल्यांच्या संघटनेनेच ई-रिक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मे २०२२ मध्ये प्रयोगाला परवानगी मिळाली, डिसेंबरात विजेवर चालणाऱ्या रिक्षा धावू लागल्या, नंतर त्यांची संख्या २०वर मर्यादित झाली. घोडेवाल्यांनी विरोध केला. चारशेंहून अधिक घोड्यांवर घरे चालतात, तो विरोध समजण्यासारखा आहे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला : माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, हात ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा द्या, आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नका. ठोकळ्यांबद्दलही रेघ ओढली : दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत चालतील, आतल्या वाटांवर नाहीत.

माझ्या मते, ही रेघ सगळ्या निकालातली सर्वांत शहाणी ओळ आहे. गावाची गरज आणि पॉइंटची हौस या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या विकासाच्या योजनांत त्यांची नेहमी भेसळ होते. शाळेच्या मुलाला, आजाऱ्याला, सामानाला चाक मिळालेच पाहिजे. पण तेच चाक ‘आता आलेच आहे तर’ म्हणून पॅनोरमा पॉइंटच्या कठड्यापर्यंत नेले की, त्यामागून चहाची टपरी येईल, टपरीमागून मक्याची कणसे, मग प्लॅस्टिकच्या बाटल्या, आणि शेवटी कड्यावर उभे राहून माणूस समोरच्या दरीपेक्षा पाठीमागच्या गर्दीकडेच जास्त पाहील. आत्यांसारख्यांचे काय, असे सौ. विचारते. बाजारापासून जवळचा, सपाट वाटेचा एखादा पॉइंट म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी राखावा; ठरलेल्या वेळी ठरलेल्या दोन-चार रिक्षा तेथवर जाव्यात. बाकीच्यांना पाय आहेत. आतल्या वाटा मातीच्याच ठेवाव्यात, पण चढावर आडवे जांभे दगड बसवून आणि कडेने गटारे खणून. पावसाळ्यापूर्वी ती उपसावीत. दस्तुरी नाक्यावर आपल्याकडून जो प्रवेशकर घेतात, त्यातले किती या गटारांवर पडते, हे नगरपालिकेने नाक्यावरच फळा लावून सांगितले तर कोणी कुरकुर करणार नाही. या कामात फोटो काढण्याजोगे काही नसते, हीच त्याची अडचण!

‘पॉइंट’ हा शब्दही मला थोडा खटकतो. मराठीत कडा आहे, टोक आहे, सोंड आहे, माची आहे. महाबळेश्वरच्या आर्थर सीटला लोक मढीमहाल म्हणत, विल्सन पॉइंटला सिंडोळा. कडा म्हटले की पाऊल जपून पडते. पॉइंट म्हटले की कॅमेरा बाहेर येतो.

संख्येला बंधन घातले तर पर्यटक रुसतील, या भीतीतही फारसा अर्थ नाही. साताऱ्याजवळचे कासचे पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि फुलांच्या हंगामात तेथे दिवसाला तीन हजारांची मर्यादा ठरली. तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणून लोक आधी नाव नोंदवून, पैसे भरून जातात. गर्दी काही हटली नाही. उलट शनिवार-रविवारचा दिवस मिळत नाही अशी तक्रार मीच स्टाफरूममध्ये ऐकतो.

माथेरानला जाणार असाल तर एक सांगून ठेवतो. नेरळहून वर येणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते आणि पाऊस सरल्यावर रूळ तपासून पुन्हा सुरू होते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. अमन लॉजपासून माथेरानपर्यंतचा टप्पा मात्र पावसाळ्यातही चालतो. तेथून पुढे बूट साधेच घालावेत, कारण ते लाल होणार. आमच्या घरी मागच्या खेपेची ती लाली अजून पायपुसण्यावर आहे, आणि सौ.चे त्याबद्दलचे मत येथे छापण्याजोगे नाही.