नेट झाली, पीएचडी झाली; मग प्राध्यापकाची जागा अडली कुठं? बीडच्या पोरांचं अन् बापांचं गणित

बीड : जून-जुलै आला की जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर एक कागद लागतो. तासिका तत्त्वावर सहायक प्राध्यापक नेमायचे आहेत, मूळ कागदपत्रांसह हजर राहावं. एका जागेला उमेदवारांची रांग लागते. कुणाच्या फायलीत नेट, कुणाच्या सेट, बऱ्याच जणांकडं दोन्ही अन् वरून पीएचडी. वय तिशी ओलांडलेलं. यातले कितीतरी जण मागच्या वर्षी याच कॉलेजात शिकवत होते, त्याच्या मागच्या वर्षीही. तरी मुलाखत दरवर्षी नव्यानं. कारण मार्च-एप्रिल संपला की ही नोकरीही संपते.

गावात 'प्राध्यापक' या शब्दाला अजून वजन आहे. सोयरिकीच्या बैठकीत मुलगा प्रोफेसर आहे म्हटलं की समोरचा सरसावून बसतो. पुढचा प्रश्न मात्र आता लोकही विचारायला लागलेत : परमनंट का सीएचबी?

प्रश्न बरोबर आहे, कारण खडू-फळा एकच असला तरी या दोन वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत. कायम सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. महागाई भत्ता, घरभाडं धरलं की आकडा लाखाच्या घरात जातो. सीएचबीवाल्याला तासाचे पैसे, साधारण नऊशे-हजार रुपये. आठवड्याला नऊ तास मिळाले, एकही बुडाला नाही, तर महिन्याचे बत्तीस हजारांच्या आसपास होतात. हे झालं कागदावर. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, निवडणूक, जयंती-पुण्यतिथी, तास झाला नाही तर पैसा नाही. वर्षाचे सात-आठ महिनेच हातात पडतात. बिलं मंजूर व्हायला आणखी काही महिने. कृषी सेवा केंद्रावरची उधारी मात्र तोवर थांबत नाही.

वयाचा हिशोबही मांडून बघावा. एकविसाव्या वर्षी पदवी, तेविसाव्या वर्षी पदव्युत्तर. नेट किंवा सेट निघायला एक-दोन वर्षं धरा. पीएचडीला नियमानं कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. म्हणजे पोरगं तिशीला येतं तेव्हा नोकरीच्या दारात उभं राहायला पात्र होतं. सोबतचा बारावीनंतर पोलीस भरतीत गेलेला तोवर घर बांधून मोकळा असतो.

२०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं सहायक प्राध्यापकासाठी पीएचडीची सक्ती काढली. नेट, सेट किंवा स्लेट पुरेशी. नियम सोपा झाला, पण त्यानं जागा वाढल्या नाहीत. रांग तेवढी लांबली.

जागा का नाहीत?

अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकाचा पगार सरकार देतं, म्हणून जागा भरायची परवानगीही सरकारचीच लागते. २०१७ मध्ये राज्य सरकारनं भरतीला चाप लावला. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यभर ३,५८० जागा भरायला मान्यता मिळाली. २०२० मध्ये कोरोना आला आणि खर्च कपातीत भरती पुन्हा थांबली. २०२१ च्या नोव्हेंबरात २,०८८ जागांना मान्यता आली. आकडा मोठा वाटतो. पण राज्यात अनुदानित महाविद्यालयं अकराशेच्या वर आहेत. वाटून बघितलं तर एका कॉलेजच्या वाट्याला दोन जागाही येत नाहीत, आणि त्या आल्या तरी कोणत्या विषयाला आणि बिंदुनामावलीत कोणत्या प्रवर्गाला, हा पुढचा प्रश्न. एखाद्या विषयाची जागा सात वर्षांनी निघते अन् ती आपल्या प्रवर्गात बसत नाही, असं झालेले उमेदवार प्रत्येक तालुक्यात भेटतील.

दुसरं कारण कार्यभाराचं. सहायक प्राध्यापकानं आठवड्याला सोळा तास शिकवावं, असं आयोगाचं मोजमाप आहे. तेवढे तास भरले तर एक पद. वर्गात पोरंच कमी असतील तर तास कमी आणि पद धोक्यात. म्हणून मे-जूनमध्ये गावोगाव, वस्त्यांवर फिरून 'आमच्या कॉलेजला प्रवेश घ्या' म्हणणारे प्राध्यापक दिसतात. लोक हसतात त्यांना. पण ते स्वतःची खुर्चीच शाबूत ठेवत असतात. हुशार पोरं दहावीनंतर लातूर नाही तर छत्रपती संभाजीनगर गाठतात. तालुक्याच्या कॉलेजात राहतात त्या बहुतेक मुली, ज्यांना घरचे लांब पाठवत नाहीत, आणि ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांची मागं राहिलेली लेकरं. यांना वर्षाच्या मध्यात बदलणारा नव्हे, चार वर्षं ओळखीचा असणारा मास्तर लागतो. तोच नेमका नसतो.

तिसरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे, पण छापून येत नाही. कायम जागेसाठी काही ठिकाणी लाखांत 'देणगी' सांगितली जाते, असं गावोगाव बोललं जातं. दोन-तीन एकर कोरडवाहू विकूनही तो आकडा गाठता येत नाही. याची पावती मिळत नाही, म्हणून पुरावाही राहत नाही. संस्थाचालक आणि पुढारी बऱ्याचदा एकच माणूस असल्यानं तक्रार तरी कुणाकडं करायची?

आता शेताकडं वळू. कारण प्राध्यापकाच्या कामाची खरी किंमत बीडच्या माणसाला तिथं लवकर कळते.

खरिपात जिल्ह्यात बीडीएन ७११ ही पांढरी तूर बरेच जण पेरतात. दीडशे-पंचावन्न दिवसांत येते, शेवटचा पाऊस दगा देऊन गेला तरी हाती काहीतरी लागतं. यातलं बीडीएन म्हणजे बदनापूर. जालना जिल्ह्यातलं बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं. अलीकडं गाजलेली 'गोदावरी' तूरही तिथलीच. धारूरच्या नावाचं 'धारूर ६' हे सीताफळ याच विद्यापीठाच्या अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रानं दिलं. बालाघाटाच्या डोंगरात रानोमाळ उगवणाऱ्या झाडांतून निवडून, पारखून ते वाण उभं राहिलं. सोयाबीनचे एमएयूएस नावाचे वाण, 'परभणी शक्ती' ज्वारी, हे सगळं पगारी प्राध्यापक-शास्त्रज्ञांचं काम आहे.

एक वाण काढायला किती वेळ लागतो? दोन वाणांचा संकर करायचा, मग सहा-सात पिढ्या निवड करत जायचं, मग वेगवेगळ्या जमिनीत, वेगवेगळ्या पावसात चाचण्या. दहा-बारा वर्षं सहज जातात. मर रोग येतो का, वांझ रोग येतो का, हे रोगट रानात मुद्दाम पेरून बघावं लागतं. अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस हे करू शकत नाही. पहिल्या वर्षी संकर केला आणि तिसऱ्या वर्षी त्याची ऑर्डरच आली नाही, तर बियाणाच्या पुड्या कपाटात राहतात.

म्हणून कृषी विद्यापीठातल्या रिकाम्या जागा ही परभणीच्या आवारातली घरगुती भानगड समजू नये. तिथं शिकवणं, संशोधन आणि विस्तार, अशी तिन्ही कामं एकाच माणसाच्या डोक्यावर असतात. सकाळी पोरांचा तास, दुपारी प्रक्षेत्र, संध्याकाळी शेतकरी मेळावा. माणसं कमी झाली की आधी बंद पडतं ते संशोधन, कारण ते आज नाही केलं तरी आज कुणी ओरडत नाही. ओरड दहा वर्षांनी होते, नवीन रोग आल्यावर.

वैद्यकीय शिक्षणाची तऱ्हा आणखी वेगळी. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याला दवाखाना म्हणून माहीत आहे. तिथं ओपीडीत बसणारे डॉक्टर कागदावर सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक असतात. इथं अडचण उलटी. कला शाखेत माणसं भरपूर अन् जागा नाहीत. इथं जागा आहेत, पण एमडी, एमएस झालेला माणूस टिकत नाही. बाहेर खासगी दवाखान्यात तो कितीतरी जास्त कमावतो. म्हणून 'डॉक्टर नाही, संभाजीनगरला न्या' हे वाक्य नातेवाइकांना ऐकावं लागतं.

संशोधनाला प्राध्यापकीच कशाला पाहिजे, असंही कुणी म्हणेल. उदाहरण देतील डॉ. हिम्मतराव बावस्करांचं. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा माणूस, कोकणात विंचूदंशाचे रुग्ण बघता बघता प्राझोसिन औषधाचा उपयोग जगाला दाखवून दिला, लॅन्सेटमध्ये छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. प्राध्यापक नव्हते, हे खरं. पण ते काम सुरू झालं तेव्हा ते सरकारी आरोग्य केंद्रातले पगारी डॉक्टर होते, आणि रुग्ण रोज समोर होता. पोटाची चिंता मिटलेली आणि काम हाताशी, या दोन गोष्टी त्यांच्याकडंही होत्याच.

भाषा-इतिहासाच्या लोकांचं काय, त्यांच्या संशोधनाचा गावाला उपयोग काय, हा टोमणा नेहमीचा. २०२३ च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही सारथीच्या पीएचडी फेलोशिपवर बोलताना असाच सवाल केला होता आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. त्याचं उत्तर मराठवाड्याच्याच विद्यापीठात आहे. १९५८ पर्यंत मराठवाड्यातल्या कॉलेजांना हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडं बघावं लागायचं. त्या साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, १९९४ मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. तिथल्या मराठी विभागातल्या डॉ. प्रभाकर मांडे यांनी आयुष्यभर लोकसाहित्य आणि भटक्या जमातींचा अभ्यास केला. 'गावगाड्याबाहेर' हे त्यांचं पुस्तक. गोंधळी, वासुदेव, नंदीबैलवाले, ज्यांची नोंद सातबाऱ्यावर कुठंच नव्हती, त्यांची नोंद अशा अभ्यासानं झाली. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी त्याच विभागात शिकवत 'अस्मितादर्श' कित्येक दशकं चालवलं आणि दलित लेखकांच्या पिढ्या छापल्या. दोघांनाही पद्मश्री मिळाली. दोघांकडंही कायम नोकरी होती. महिन्याच्या एक तारखेला पगार होत असल्यावर माणूस वाडी-वस्तीवर जाऊन रात्रभर गोंधळ ऐकू शकतो.

आज काय चाललंय, तेही सांगायला हवं. कायम झालेल्यांमध्येही सगळे संशोधन करतात असं मुळीच नाही. २०१० पासून बढतीला गुण आले, गुणांना शोधनिबंध आले, आणि निबंधांना पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं आली. २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. ज्याला लाखाचा पगार आहे त्यानं पाच पानं कुठून तरी उचलून छापायची, आणि ज्याला खरंच अभ्यास करायचा आहे त्यानं तासाच्या पैशावर तीन कॉलेजं करत मोटारसायकल पळवायची, हे चित्र कुठल्याच पक्षाच्या सरकारला टोचलेलं दिसत नाही.

ज्यांच्या घरात पोरगं किंवा पोरगी सध्या एमए, एमएस्सी करतेय, त्यांनी काही गोष्टी आधीच बघून ठेवाव्यात. नेट आणि सेटच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, ते आयुष्यभर चालतं. सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं आणि ती मराठीतूनही देता येते. कनिष्ठ संशोधन फेलोशिप म्हणजे जेआरएफ निघाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएचडीसाठी बापाच्या खिशात हात घालावा लागत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही फेलोशिप आहेत, जाहिरात वेळेवर बघावी. फेलोशिपशिवाय पीएचडीला बसायचं असेल तर त्या सहा वर्षांत दुसरं कमाईचं साधन काय, हे प्रवेशाआधी घरात बसून बोलावं.

आणि 'साहेब, यंदा बिनपगारी करा, पुढं तुम्हालाच घेऊ' असं कुणी म्हणालं, तर पद मंजूर आहे का, अनुदानित आहे का, भरतीची परवानगी मिळाली का, जाहिरात वर्तमानपत्रात आली का आणि ती जागा कोणत्या प्रवर्गाला आहे, एवढं लेखी विचारावं. उत्तर तोंडीच येत राहिलं, तर त्या 'पुढं'ची वाट बघत किती जण चाळिशीला आले, हे त्याच स्टाफरूममध्ये मोजता येतं.