फुकटाचे मोल

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. विकतची पुस्तके परवडत नाहीत. मित्राच्या मोबाइलवर ‘ग्रीन ह्यूमर’ ही वन्यप्राण्यांवरील व्यंगचित्रमालिका फुकट वाचायला मिळाली आणि कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या काळविटांकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. नागपूरच्या रोहन चक्रवर्तींनी दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊनही २०१० साली ती सुरू केली. चित्रकाराला वृत्तपत्रांचे, पुस्तकांचे काम मिळते ते नावावर. त्यावरच फुकटची चित्रे तगतात. आणि मी मात्र कोपऱ्यातले नाव कापून चित्र पुढे पाठवले होते! मित्रहो, पैसे देता येत नसतील तर निदान नाव तरी राखू या. मी वाचलेली चित्रे इंग्रजीत होती. आपल्या उसातल्या बिबट्याची चित्रकथा मराठीत आपणच काढायला हवी. वहीची मागची पाने कोरीच असतात.