पटावरची माणसं आणि बाकावरची माणसं



आपल्या ग्रुपवर बेळगाव कॅम्पातल्या जुन्या चर्चचे फोटो अधूनमधून येतात. दगडी भिंती, उंच कमानी, आवारातली जुनी झाडं. खाली "काय वास्तू आहे!" असे अभिप्राय पडतात. मलाही बरं वाटतं. पण अशा इमारतींत रविवारी सकाळी किती माणसं बसतात, हे कुणी विचारत नाही. आज त्यावरच लिहितो. विषय आमच्या ख्रिस्ती समाजाचा आहे, पण भजनी मंडळ, वाचनालय, तालीम किंवा मराठी शाळा चालवणाऱ्यांनाही तो ओळखीचा वाटेल.

आधी एका शब्दाचा खुलासा. आमच्यात चर्चच्या सभासदांना मिळून 'मंडळी' म्हणतात. इमारत वेगळी, मंडळी वेगळी. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या इमारती उभ्या आहेत, मंडळी मात्र आटत चालली आहे. सभासदांचा पट उघडला तर नावांनी पानंच्या पानं भरलेली. बाकावरची माणसं लिहायला घेतली तर एका पानात मावतात, आणि त्यात निम्मे माझ्यासारखे पांढऱ्या केसांचे.

कारणं सगळे सांगतात. पोरं पुण्याला, बंगळुरूला, गोव्याला गेली. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, कचेरीत कन्नड, त्यामुळे उपासना कुठल्या भाषेत करायची याचा वाद. काही घरं नव्या प्रार्थनासभांकडे वळली, जिथे गिटार आहे आणि टाळ्या आहेत. जमिनीचे दावे कोर्टात. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीतल्या माणसाने ख्रिस्ती म्हणून नोंद केली की त्याच्या सवलती जातात. म्हणून काही घरं रविवारी एक आणि कागदावर दुसरी. हे सगळं खरं आहे. पण माझ्या मते मूळ दुखणं यांच्याही आधीचं आहे: आमच्या मंडळ्या आपल्याच माणसांवाचून चालायला शिकल्या.

म्हणजे काय ते सांगतो. आमच्या भागातल्या एका मंडळीत, नाव घेत नाही, सध्या एक प्रस्ताव आहे. आवाराची रस्त्याकडची भिंत पाडून दुकानगाळे काढायचे आणि त्यांच्या भाड्यातून पाळकांचा पगार, लाइटबिल, रंगरंगोटी भागवायची. मंडळी लहान झाली, वर्गणी पुरत नाही, म्हणून हा उपाय. हिशेब चोख आहे. जन्मभर ताळेबंद बघितलेला माणूस मी, आकड्यांत चूक काढणार नाही. पण एकदा पगार गाळ्यातून निघाला की बाक रिकामा पडला तरी कुणाचं अडत नाही. पाळकांचं अडत नाही, पंचांचं अडत नाही. आणि ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही, तो माणूस हळूहळू येईनासा होतो. रागाने नव्हे, नुसता येईनासा होतो.

हा रोग नवा नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावला आले आणि इथलं काम सुरू झालं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्टांकडे गेलं. निपाणीकडचं काम कोल्हापूरच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे होतं, ज्याची सुरुवात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात केली. त्या लोकांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. मिरजेचं वॉनलेस यांचं हॉस्पिटल १८९४ पासूनचं, सीमाभागातल्या किती घरांतली माणसं तिथे बरी होऊन आली त्याला गणती नाही. त्या कामाबद्दल कृतज्ञताच आहे. पण पैसा समुद्रापलीकडून यायचा. पाळक मिशनचा नोकर, शिक्षक मिशनचा नोकर, आणि मंडळी म्हणजे लाभार्थी. मिशनरी गेले, पैसा थांबला, मालमत्ता ट्रस्टांकडे आली. आता परदेशी पैशाच्या जागी जागेचं भाडं आणायचं चाललंय. सभासद होता तिथेच राहिला, बाकावर बसून ऐकणारा.

हे फार पूर्वी ओळखणारा माणूस आपल्यातच होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १९१७ साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. मंडळी या मातीतल्या माणसांच्या जिवावर उभी राहावी, ही त्यांची तळमळ. पुढच्याच दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. त्यांची भजनं मात्र राहिली. आजही मराठी मंडळ्यांत पेटीवर सर्वांत जास्त तीच वाजतात.

आणि आपल्या बेळगावचं उदाहरण घ्या. बाबा पदमनजी १८३१ मध्ये इथेच जन्मले, इथल्या मिशनशाळेत शिकले, मग मुंबईला गेले, आणि १८५४ मध्ये बाप्तिस्मा घ्यायला परत बेळगावातच आले. पुढे १८५७ मध्ये त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं, ज्याला मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात. शाळेतल्या बाकापासून बाप्तिस्म्यापर्यंत वर्षं गेली. कुठल्याही एका मोठ्या सभेने हे घडलं नाही. ओळख, वाचन, वाद, पुन्हा ओळख, असं ते घडत गेलं. मंडळी अशीच वाढते, एकेका माणसाने.

म्हणून कुणी म्हणतं, "मोठी सभा लावू, बाहेरचा वक्ता आणू, स्क्रीन बसवू," तेव्हा मला बँकेतले खातेमेळावे आठवतात. वरून टार्गेट यायचं, मांडव पडायचा, शेकड्याने नवी खाती उघडायची. फोटो छापून यायचा. त्यातल्या कितीतरी खात्यांवर पुन्हा व्यवहार व्हायचा नाही. आमच्याकडे नियम होता, दोन वर्षं व्यवहार नाही की खातं निष्क्रिय. आता तर दहा वर्षं कुणी फिरकलं नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण निष्क्रिय खातं म्हणजे बंद खातं नव्हे. खातेदार आहे, त्याचे पैसे आहेत, फक्त त्याचा आणि शाखेचा संबंध तुटलाय. एका खेड्यातल्या शाखेत माझे मॅनेजर दर शनिवारी दुपारी यादी खिशात घालून अशा घरी जायचे. चहा घ्यायचे, पोराबाळांची चौकशी करायचे. खात्याची गोष्ट शेवटी. मेळाव्याने जे झालं नाही ते त्या चहाने व्हायचं.

आमच्या पटावरची निम्मी नावं अशीच आहेत. निपाणीकडच्या एका वयस्कर बाई मला म्हणाल्या, "पाळक बदलले, पंच बदलले, पण वर्गणी मागायची सोडून कुणी दार वाजवलं न्हाई बघा." वर्गणी थकली म्हणून मतदानाच्या यादीतून नाव कमी करणाऱ्या मंडळ्या मला माहीत आहेत. त्या घरातलं आजारपण, सुटलेली नोकरी, मुलीचं मोडलेलं लग्न याची नोंद कुठेच नाही. थकबाकीची नोंद मात्र अगदी बिनचूक.

मग करायचं काय? माझी मतं सांगतो, पटतील ती घ्या.

पहिलं, पट घेऊन बसा आणि घरं वाटून घ्या. एकट्या पाळकांनी नव्हे, दहा-बारा जणांनी. प्रत्येकाकडे चार-पाच घरं. महिन्यातून एकदा जायचं, पावतीपुस्तक घरी ठेवून जायचं.

दुसरं, येणाऱ्या प्रत्येकाला काम द्या. नव्या सभांना आपण गिटारवाले म्हणून हसतो. पण तिथे गेलेल्या पोरांना विचारून बघा. एकाकडे माइक, एकाकडे खुर्च्या, एकीकडे लहान मुलं, आणि जो रविवारी आला नाही त्याला सोमवारी फोन. गिटार हे निमित्त, तिथे त्यांची गरज आहे हे कारण. आपल्याकडे तरुणाला काम कुठलं, तर नाताळात तारा बांधायचं. आणि बायका? घरोघरच्या प्रार्थना त्या चालवतात, आजाऱ्यांना भेटतात, दफनाच्या दिवशी त्या घरचा स्वयंपाक करतात, पण पंचांच्या बैठकीत खुर्च्या बहुतेक पुरुषांच्या. हे बदलायला कुणाच्या परवानगीची गरज आहे?

तिसरं, भाषा. सगळं कन्नड किंवा इंग्रजी करा म्हणणारे आहेत, एक ओळही बदलायची नाही म्हणणारेही आहेत. मला वाटतं उत्तर भजनात आहे. पाश्चात्त्य चालीवरचं गीत गायला हातात पुस्तक लागतं, आणि आमच्या नातवंडांना देवनागरी भराभर वाचता येत नाही. भजनाचं तसं नाही. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. दोन रविवारांत पाठ. सून कन्नड घरातली असली तरी तिलाही येतं. शास्त्रवाचन ज्याला जी भाषा येते त्यात करू द्या, भजन मराठीत राहू द्या. मराठी टिकेल ती ओठांवर, ठरावात नव्हे.

चौथं, दार उघडं ठेवा. आठवड्यातले सहा दिवस आमचे हॉल कुलपात असतात. निपाणी भागात किती आया घरी विड्या वळतात, त्यांच्या पोरांना संध्याकाळी अभ्यासाला शांत जागा नसते. चार टेबलं आणि एक दिवा लागतो. पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोललं पाहिजे. डिसेंबर २०२१ मध्ये इथल्याच सुवर्ण विधानसौधात धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं. २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो कायदा मागे घेण्याचा निर्णय घेतला, पण संशय असा एका निर्णयाने जात नाही. म्हणून आमचे लोक म्हणतात, "नको बाबा, कशाला लफडं?" माझं म्हणणं, अभ्यासाला आलेल्या पोराचं नाव आपल्या कुठल्याही पटावर जाता कामा नये. सेवा आमिष म्हणून केली तर ती सेवा नव्हे, आणि भीतीने थांबवली तर आपण ख्रिस्ती कसले? शेजाऱ्यांना आधी सांगा, त्यांच्यातलाच एखादा निवृत्त मास्तर शिकवायला बोलवा. लपवण्यासारखं काही नसलं की दार उघडं ठेवायला भीती वाटत नाही.

कुणी विचारेल, एवढं करून बाक भरतील का? बाहेरगावी गेलेली पोरं परत येणार नाहीत, हे मी धरूनच चाललोय. पण जी घरं अजून इथेच आहेत, चर्चपासून चालत येण्याच्या अंतरावर, ती का येत नाहीत? त्याचं उत्तर पुण्याकडे किंवा बंगळुरूकडे नाही, आपल्याकडे आहे.

गाळ्यांना माझा कायमचा विरोध नाही. फक्त क्रम बदला. भिंत पाडायच्या आधी एक वर्ष पटावरच्या प्रत्येक घरी जाऊन या. वर्षाने पुन्हा बैठक घ्या. तेव्हाही गाळे लागत असतील तर काढा, मी स्वतः अंदाजपत्रक तयार करून देईन.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी या भागातल्या मंडळ्यांचे जुने पट, बाप्तिस्म्याचे दाखले, तरुण संघाचे फोटो असतील तर जपून ठेवा आणि आपल्या पंचांना दाखवा. त्यातली नावं वाचताना लक्षात येईल, बरीचशी माणसं कुठे गेलेली नाहीत. आपल्याच गल्लीत आहेत.

प्रभूची कृपा सगळ्यांवर असो.