ठणका, चमक, कळ आणि आग

दुखण्याच्या बाबतीत आपली मराठी भाषा गर्भश्रीमंत आहे. दात ठणकतो, गळू ठुसठुसते, पोटात कळ येते, कमरेत उसण भरते, पाठीत चमक निघते आणि पोटऱ्यांत गोळे येतात. वर्गात ही यादी फळ्यावर लिहिली की मुले हसतात. पण हे शब्द काही हौसेने जन्मलेले नाहीत. दुखणे निराळे, म्हणून त्याचे नाव निराळे.

एका ठिकाणी मात्र आपली घरगुती मराठी गोंधळते. रक्त वाहणारी ती शीर आणि संवेदना वाहणारीही शीरच! डॉक्टर या दुसरीला मज्जातंतू म्हणतात. बोटाला चटका बसला की त्याची वर्दी याच तारेतून मेंदूकडे जाते. पण अपघाताने, मधुमेहाने किंवा नागिणीने ही तारच बिघडली तर? मग चटका नसतानाही वर्दी जातच राहते.

आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, चार वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले. हाड जुळले, जखम भरली, पण पाऊल जळायचे काही थांबेना. पायावर चादर आली तरी निखारा ठेवल्यासारखे वाटे. क्ष-किरणांचा फोटो अगदी स्वच्छ. तेव्हा घरातली माणसे हळूहळू म्हणू लागली, "दादांनी मनाला लावून घेतलंय." दादांनीही मग तक्रार करणे सोडले. रात्री ते गॅलरीत उभे राहत, एवढेच.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितले, "दादा, फोटोत हाड दिसतं, तार दिसत नाही. तुमचं दुखणं खरं आहे." ते ऐकून साठी उलटलेल्या दादांचे डोळे भरून आले.

हे दुखणे नवे नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मज्जातंतूंना गोळ्या लागलेले सैनिक वीअर मिचेल नावाच्या डॉक्टरने तपासले आणि 1864 साली सहकाऱ्यांसह त्यांच्यावर पुस्तक लिहिले. जखमा भरल्यावरही त्यांचे हातपाय जळत. बिचारे ओली फडकी गुंडाळून बसत.

उपायाची वाट दिसली ती शंभर वर्षांनी. कोपर आपटले की आपण ते चोळतो, आणि बरे वाटते. का बरे? 1965 साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी असे मांडले, की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत वेदनेसाठी जणू एक दार असते. स्पर्शाची वर्दी आणणारे जाड तंतू जागे झाले, की बारीक तंतूंतून येणाऱ्या वेदनेला ते दार लोटले जाते. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण त्यातून विचार निघाला, की हे चोळण्याचे काम विजेने केले तर? वॉल आणि शल्यविशारद स्वीट यांनी आधी स्वतःच्याच चेहऱ्यातल्या मज्जातंतूंवर हा प्रयोग केला! मग आठ रुग्णांवर केला. त्यांपैकी मज्जातंतूंचा विकार असलेल्या चौघांची वेदना दोन मिनिटांच्या विजेने अर्ध्या तासाहून अधिक काळ थांबली. ही हकीकत 1967 सालची. त्याच वर्षी शीली या अमेरिकन शल्यविशारदाने मज्जारज्जूलगत असे यंत्र प्रथम बसवले.

आज केसासारख्या बारीक नसल्या तरी बऱ्याच नाजूक तारा दुखऱ्या मज्जातंतूशेजारी किंवा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सरकवतात. आधी काही दिवस यंत्र बाहेर ठेवून परीक्षा पाहतात. वेदना निम्म्याने तरी उतरली, झोप लागली, तरच बॅटरी कातडीखाली बसवतात. वीज कमीजास्त करण्याची किल्ली रुग्णाच्या हाती असते.

वाचकहो, ही जादू नव्हे. बिघडलेली तार याने दुरुस्त होत नाही. तिची ओरड तेवढी दबते. तार सरकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, बॅटरी कधीतरी बदलावी लागते आणि खर्च लाखांच्या हिशेबात जातो. सगळ्यांनाच गुण येतो असेही नाही, आणि तो किती येतो यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. म्हणून औषधे आणि व्यायाम आधी. यंत्राचा विचार नंतर.

दादांनी परीक्षा दिली, मग यंत्र बसवले. आज ते म्हणतात, "दहा आण्यांचं दुखणं चार आण्यांवर आलंय." चादर अजून टोचते, पण रात्री ते गॅलरीत नसतात, अंथरुणात असतात.

जाता जाता माझ्या धंद्याची एक गोष्ट. याच मेल्झॅकने 1975 साली वेदनेचे 78 शब्द वीस गटांत मांडून एक प्रश्नावली केली. ठणका की आग, चमक की मुंग्या, यावरून डॉक्टरांना विकाराचा माग लागतो. तेव्हा घरातले कोणी "दुखतंय" म्हणाले, तर "कुठे काय झालंय?" असे म्हणून त्याला गप्प करू नका. "कसं दुखतंय?" एवढे विचारा, आणि तो जो शब्द सांगेल तो तसाच लिहून डॉक्टरांकडे न्या.