गाडीची फाईल आहे, आजोबांची कुठे आहे?

मस्कत-सोहार-सलालामधल्या मराठी आईबाबांनो, पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या शुक्रवारी लेकाला सीबला, ओमान ऑटोमोबाईल असोसिएशनच्या ट्रॅकवर कार्टिंगला नेलं होतं. वय वर्षे १३. घरी आल्यावर फोन माझ्या नाकासमोर धरला, "बाबा, ही बघा!" इंग्लंडमधल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याची जाहिरात होती. गाडी १९३५ सालची ॲस्टन मार्टिन अल्स्टर, रेसची. किंमत लिहिलेलीच नाही, "चौकशी करा" एवढंच.

आपलं ठरलेलं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, "आपल्याला परवडणारी नाही, अभ्यासाला बस." पण म्हटलं, बघू तरी.

त्याचं ॲस्टन मार्टिनचं वेड आलंय आपल्या अहमद अल हार्थीमुळे. २०२३ च्या ल माँ २४ तासांच्या शर्यतीत हा ओमानी ड्रायव्हर आणि त्याचे साथीदार ॲस्टन मार्टिनमधून आपल्या गटात दुसरे आले. त्याच ल माँला १९३५ मध्ये एक अल्स्टर, फक्त दीड लिटरच्या इंजिनावर, सगळ्या गाड्यांत मिळून तिसरी आली होती. मधे ८८ वर्षं गेली.

लेकाचा प्रश्न अगदी सरळ होता. "हिला छप्पर नाही, एसी नाही. ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर. आपली कोरोलासुद्धा तेवढी पळते. मग एवढे पैसे कशाचे?"

मग आम्ही दोघांनी ती जाहिरात नीट वाचली. फोटो कमी, इतिहासच जास्त! पहिला मालक कोण, गाडी कुठल्या साली कुठे धावली, कधी आपटली, इंजिन कधी खोललं, कोणता भाग नंतर बदललाय. जुन्या नोंदणी पुस्तिका, बिलं, पत्रं, फोटो, सगळं फाईलला लावलेलं.

रेसच्या गाडीत या कागदांना जास्तच किंमत असते, कारण तिचं काहीच जागेवर राहत नाही. एका शर्यतीत इंजिन जातं, दुसऱ्या शर्यतीत पत्रा. कधी एका मोडक्या गाडीच्या सुट्या भागांतून दोन गाड्या उभ्या राहतात आणि दोघींचे मालक म्हणतात, खरी आमचीच. मग चासी नंबर, इंजिन नंबर आणि कागद बघूनच ठरवावं लागतं. इटलीतल्या आजच्या मिल्ले मिलियामध्येसुद्धा कुठलीही जुनी गाडी चालत नाही. १९२७ ते १९५७ च्या मूळ शर्यतीत त्या मॉडेलने भाग घेतलेला असावा लागतो. २०२२ मध्ये मर्सिडीजची १९५५ ची एक ३०० एसएलआर कूपे साडेतेरा कोटी युरोला गेली. तशा बनल्याच होत्या दोन, आणि दोन्हींचा पहिल्या दिवसापासूनचा पत्ता कंपनीकडे होता.

लेक ऐकत होता. मग म्हणाला, "बाबा, आजोबा पण इथेच मेकॅनिक होते ना? ते कुठल्या गाड्या दुरुस्त करायचे?"

आणि मी गप्प.

माझे वडील १९८०च्या आसपास मस्कतला आले. "आसपास" म्हणतोय, कारण नक्की साल मला माहीत नाही. वादी कबीरमधल्या एका गॅरेजमध्ये होते, एवढं ठाऊक आहे. ते गेल्यावर चिपळूणचं घर आवरताना त्यांची पत्र्याची ट्रंक मीच रद्दीवाल्याला दिली. जुने पासपोर्ट, कामाची कार्डं, आईला पाठवलेली निळी पत्रं, सगळं. पावसाने भिजलं होतं, वास येत होता, आणि माझी रजा चारच दिवसांची होती.

नव्वद वर्षांपूर्वीच्या गाडीचा कार्बुरेटर कोणत्या साली बदलला ते लिहिलेलं आहे. ज्या माणसाच्या काळ्या हातांवर आमचं घर उभं राहिलं, त्याचं एक पानही नाही. याला दुसरं कुणी जबाबदार नाही, मी आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. मुलांना आपण मराठी शाळा, गणपती, मोदक सगळं देतो, चांगलंच आहे. पण घराची फाईल देत नाही. ती याच वर्षी सुरू करा.

रद्द झालेले पासपोर्ट टाकू नका, त्यांतल्या शिक्क्यांवर तारखा असतात. गावी फोन लावाल तेव्हा "जेवलीस का" विचारून झालं की आईला एक प्रश्न विचारा: बाबांना पहिल्यांदा विमानतळावर सोडायला कोण कोण आलं होतं? आणि फोनवर रेकॉर्ड करा. प्रश्न मुलांनाच विचारू द्या. आजी नातवाला जे सांगते ते आपल्याला सांगत नाही.

आणि अपघात लपवू नका. चांगला विक्रेता गाडी कुठे आपटली होती ते आधी सांगतो. लपवलेलं नंतर सापडलं की बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो. पगार थकला होता, नोकरी गेली होती, उसने पैसे घेऊन तिकीट काढलं होतं, हेही लिहा. फक्त यशाच्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलाला वाटतं, अपयश घरात पहिल्यांदा आपल्यालाच आलंय.

कुणी म्हणेल, आपण साधी माणसं, आपली फाईल कोण बघणार? अहो, रेसची गाडी जुनी झाली की तीही भंगारच्याच वाटेवर असायची. कुणीतरी तिचे कागद ड्रॉवरमध्ये ठेवले, म्हणून आज तिची ओळख पटते. आपली फाईल विकायची नाहीच आहे. ती बघणारा एकच माणूस पुरे, आणि तो माझ्या घरात १३ वर्षांचा आहे.

काल आईला फोन लावला. लेकाने विचारलं, "आजी, आजोबांना कुठली गाडी आवडायची?" ती लगेच म्हणाली, "गाडी कसली? ते म्हणायचे, गाडीला हात लावायच्या आधी तिचा आवाज ऐकावा." लेकाने वहीत लिहून घेतलं. आमच्या फाईलचं पहिलं पान.

तुमच्या घरात काय जपून ठेवलंय? आणि माझ्यासारखं काय टाकून दिलंत? खाली लिहा. मुलांना वाचून दाखवणार आहे.